परदेशात शिकवायला जाताय? या चुका टाळा

नोव्हेंबर सुरू झाला की मेसेज यायला लागतात. "ताई, ऑफर आलीये, मंगळवारपर्यंत कळवायचंय. सही करू का?" सोबत ऑफर लेटरच्या पहिल्या पानाचा फोटो, पगाराच्या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला. पुढची पानं मागितली की कळतं, ती अजून वाचलेलीच नाहीत.

मी बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवते आहे आणि अलीकडे मुलाखती घ्यायलाही बसते. त्यामुळे त्याच त्या चुका दोन्ही बाजूंनी दिसतात. मनापासून शिकवणारी माणसं निव्वळ घाईपायी अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

एकूण आकडा बघून सही करणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. माझ्या ओळखीचे गणिताचे एक सर दुबईतल्या एका शाळेत रुजू झाले. महिना 12,000 दिरहॅम ठरले होते. करारात त्याची फोड होती: बेसिक 5,000, घरभाडं 4,500, प्रवास 1,500 आणि "इतर" 1,000. सरांनी बेरीज बरोबर आहे ना एवढं बघितलं आणि सही केली. चार वर्षं उत्तम शिकवलं, निकाल चांगले लागले, मुलं त्यांच्या वर्गात बसायला धडपडायची.

निघायची वेळ आली तेव्हा त्यांनी ग्रॅच्युइटीचा हिशोब मनाशी मांडला होता. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे 21 दिवसांचा पगार मिळतो. 12,000 च्या हिशोबाने चार वर्षांचे 33,600 होतात. त्या पैशांवर पुढचे बेत आखलेले. हातात आले 14,000. कायदा 21 दिवसांचा *बेसिक* पगार म्हणतो, एकूण नव्हे. एचआरच्या बाईंनी करार काढून दाखवला. सरांच्या सहीच्या वर दोनच ओळींवर ते लिहिलेलं होतं. शाळेने फसवलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. कतारमध्येही वर्षाला किमान तीन आठवड्यांचा हिशोब बेसिकवरच होतो. आखातातली ऑफर आली की मी सगळ्यात आधी बेसिकचा आकडा बघते. एकूण पगार सारखाच असलेल्या दोन ऑफर असतील, तर बेसिक जास्त असलेली घ्या.

घरभाड्याचंही तसंच. अलाउन्स दर महिन्याला पगारासोबत येतो. पण दुबईत घरमालक भाडं वर्षाला एक, दोन किंवा चार चेकमध्ये मागतात. म्हणजे तीन महिन्यांचं किंवा त्याहूनही जास्त भाडं आधीच हातात हवं. वर डिपॉझिट, एजंटचं कमिशन, वीजपाण्याची अनामत. आणि ऑगस्टमध्ये गेलात तर पहिला पूर्ण पगार सप्टेंबरच्या शेवटी. या मधल्या दीड महिन्यात माणसं कर्ज काढतात. भाड्याची रक्कम शाळा आगाऊ देते का, की शाळेचंच घर आहे, सुरुवातीचा सेटलिंग अलाउन्स आहे का आणि तो विमानतळावर उतरल्यावर मिळतो की पहिल्या पगारात, हे सहीच्या आधी विचारायचं.

माझी सवय सांगते. करार आला की एक कोरा कागद घेते आणि तीन रकाने आखते: काय मिळणार, करारात कुठल्या कलमात लिहिलंय, पैसे कधी हातात येणार. विमानाचं तिकीट दरवर्षी की फक्त येता-जाता? विम्यात आधीचे आजार आणि बाळंतपण धरलंय का? मुलांच्या फीची सवलत किती मुलांना, किती टक्के, आणि जागा नक्की आहे का? करार मोडला तर काय भरावं लागेल? मधला रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट तुम्हाला मिळणार नाही असंच धरून चाला. "एचआर फोनवर हो म्हणाले होते" याला काही अर्थ नसतो. ईमेल लिहा, ईमेलवरच उत्तर घ्या. जास्त प्रश्न विचारले तर ऑफर जाईल, ही भीती मला अजिबात पटत नाही. नीट चालणारी शाळा अशा ईमेलला दोन दिवसांत नीट उत्तर देते. ज्या शाळेला प्रश्नांचा राग येतो, तिथे वर्षभर काय होणार याचा अंदाज तुम्हाला फुकटात मिळाला.

कागदपत्रं नंतर बघू म्हणणं

इंग्रजीच्या एका बाईंना फेब्रुवारीत ऑफर आली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. "परीक्षा होऊ देत, मग बघते," म्हणाल्या. एप्रिलमध्ये राजीनामा दिला. मे महिन्यात पदवीचं प्रमाणपत्र बाहेर काढलं, तर ते लॅमिनेट केलेलं. जपून राहावं म्हणून कुणीतरी प्रेमाने करून ठेवलं होतं. अटेस्टेशनचे, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी खातरजमेचे, शिक्के आणि सह्या मूळ कागदाच्या पाठीवर होतात. प्लॅस्टिकवर कुणीही शिक्का मारत नाही. प्लॅस्टिक सोलायला गेल्या तर शाई सोबत निघाली. कुलगुरूंच्या सहीच्या जागी नुसता पांढरा ओरखडा. आता विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मागवणं आलं.

ती येईपर्यंत दुसरी अडचण लक्षात आली. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मग विवाहाचा दाखलाही त्याच सगळ्या शिक्क्यांतून न्यावा लागला. शाळा ऑगस्टभर थांबली, अर्धा सप्टेंबरही थांबली. पण त्या बाईंकडे परीक्षेचं वर्ष असलेला वर्ग होता, आणि अशी मुलं शिक्षकाविना किती दिवस बसवणार? ऑफर मागे घेतली गेली. जुनी नोकरी आधीच सोडलेली, तिथे दुसऱ्या बाई आल्या होत्या. इतकी गुणी शिक्षिका वर्षभर शिकवण्यांवर राहिली, आणि कारण काय, तर एक प्लॅस्टिकचं आवरण.

म्हणून अर्ज करायचं मनात आलं की त्याच आठवड्यात सगळी मूळ कागदपत्रं टेबलावर मांडा. पासपोर्ट, पदव्या, गुणपत्रिका, बी.एड., जन्मदाखला, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले. प्रत्येकावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. कुठे मधलं नाव नाही, कुठे आडनाव आधी, कुठे एक ए जास्त. तुम्हाला किरकोळ वाटतं, पण व्हिसाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला ती दोन वेगळी माणसं दिसतात. पासपोर्टची मुदतही तेव्हाच बघून घ्या.

पुढचा घोळ अपोस्टिलचा. 1961 च्या हेग करारातल्या देशांत एकमेकांचे कागद एका अपोस्टिलवर, म्हणजे कागद देणाऱ्या देशाच्या एकाच प्रमाणपत्रावर, चालतात. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर 2022 पासून लागू झाला, चीनमध्ये 7 नोव्हेंबर 2023 पासून. त्यामुळे जुन्या सहकाऱ्याने सांगितलेली पद्धत आज बदललेली असू शकते. संयुक्त अरब अमिरात आणि कतार करारात नाहीत. तिथे शिक्क्यांची लांब साखळी लागते: पदवी देणाऱ्या देशाचं परराष्ट्र खातं, मग त्या देशातला अमिरातीचा किंवा कतारचा दूतावास, मग तिथे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. शिवाय करारातले दोन्ही देश असले तरी एकाने दुसऱ्याच्या प्रवेशाला आक्षेप घेतला असेल, तर त्या दोघांत तो लागू होत नाही. तेव्हा तुमची पदवी ज्या देशाची आणि जायचं ज्या देशात, ती नेमकी जोडी तपासा. शिक्के पदवी देणाऱ्या देशातच होतात, तुम्ही राहता तिथे नाही. एम.ए. एका देशातलं आणि बी.एड. दुसऱ्या देशातलं असेल तर दोन्हीकडे कामाला लागावं लागेल.

"सगळं चार दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात मूळ पदवी देऊ नका. पदवी खरी आहे का हे थेट विद्यापीठाला विचारलं जातं. बनावट शिक्का सापडला तर प्रकरण नोकरी जाण्यावर थांबत नाही, गुन्हा दाखल होतो. घाई तुमची असते, तुरुंगातही तुम्हालाच जावं लागतं.

"टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ"

नाही. काही देशांत आत गेल्यावर व्हिसाचा प्रकार बदलता येतो, हे खरं. पण कामाचा परवाना हातात यायच्या आधी वर्गात उभं राहणं बेकायदाच. अमिरातीने 2024 मध्ये विनापरवाना माणूस कामाला लावणाऱ्या मालकाचा दंड 1 लाख ते 10 लाख दिरहॅम केला, त्यावरून ते हे किती गंभीरपणे घेतात ते समजा. चीनमध्ये शिकवायला झेड व्हिसा (कामाचा व्हिसा) लागतो आणि पोचल्यापासून 30 दिवसांच्या आत निवासाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. कुणी पर्यटक किंवा बिझनेस व्हिसावर बोलावत असेल तर ती शाळा नियम मोडते आहे आणि धरपकड झाली तर परत पाठवणी तुमची होणार आहे.

याला जोडून माझा एक हट्ट आहे, नवख्या मंडळींना तो पटत नाही. ऑफर लेटरवर राजीनामा द्यायचा नाही. सही झालेल्या करारावरही नाही. कामाच्या व्हिसाची मंजुरी डोळ्यांनी बघितली की मग द्यायचा. नोटीस पिरियड मोठा असेल तर तो मुलाखतीतच सांगून ठेवायचा. शाळांना ते समजतं. एखाद्या शाळेला नसेल थांबायचं तर दुसरी बघा.

पाटीवरच्या नावावर विश्वास ठेवणं

"इंटरनॅशनल" हा शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतं. आय.बी. (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) असं सांगितलं तर आय.बी.च्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधा आणि कुठला कार्यक्रम मंजूर आहे ते बघा: प्रायमरी इयर्स, मिडल इयर्स की डिप्लोमा. "कँडिडेट स्कूल" म्हणजे अजून मंजुरी मिळालेली नाही. अशा शाळेत जाऊच नये असं नाही, पण नवी चौकट उभी करायचं सगळं काम तुमच्या अंगावर येणार हे धरून जा. कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स या शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व वेगळं आणि मान्यता वेगळी; जाहिरातीत दोन्हींची हमखास सरमिसळ होते. दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या के.एच.डी.ए. या सरकारी संस्थेचे शाळा तपासणीचे अहवाल फुकट वाचता येतात. परदेशातल्या ब्रिटिश शाळांचे तपासणी अहवालही मिळतात. त्यात शिक्षक टिकतात का, मुलांचं वागणं कसं आहे, व्यवस्थापन कसं आहे, हे सरळ लिहिलेलं असतं. तासाभराचं वाचन आहे. पुढची दोन वर्षं जिथे घालवायची तिथल्यासाठी एक तास काढायला जीवावर येत असेल, तर मी काय सांगू?

मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर "नाही, सगळं क्लिअर आहे" असं म्हणणारे उमेदवार बघितले की मला काळजी वाटते. ही जागा रिकामी का झाली? गेल्या वर्षी किती शिक्षक गेले? आठवड्याला किती तास आणि किती बदली तास? वर्गात किती मुलं? माझ्या विभागातल्या एखाद्या शिक्षकाशी बोलता येईल का? हे शेवटचं नक्की विचारा. शाळा सहज हो म्हणते की कारणं देते, त्यात बरंच कळतं. मे-जूनमध्ये अचानक निघालेल्या जागेबद्दल तर विचाराच, कारण ऑगस्टसाठीची बहुतेक भरती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकलेली असते.

आणखी काही, थोडक्यात

120 तासांचं ऑनलाइन टेफल (परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) म्हणजे शिक्षकाचं लायसन्स नव्हे. पी.जी.सी.ई.आय. हा परदेशात शिकवणाऱ्यांसाठीचा ब्रिटिश विद्यापीठांचा कोर्स केल्याने इंग्लंडचं क्यू.टी.एस., म्हणजे शिक्षकाचा अधिकृत दर्जा, मिळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

नोकरीसाठी कुणी "व्हिसा प्रोसेसिंग"चे पैसे मागितले तर तिथेच थांबा. अमिरातीत तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला कायद्यानेच मनाई आहे.

पासपोर्ट शाळेच्या तिजोरीत ठेवायला देऊ नका. व्हिसाच्या कामापुरता द्या, परत मागून घ्या.

प्रोबेशनचे नियम आधी वाचा. अमिरातीत प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. त्या काळात देश सोडून जायचं असेल तर 14 दिवसांची नोटीस पुरते, पण तिथल्याच दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर एक महिन्याची लागते.

रेफरन्ससाठी मित्राचं नाव देऊ नका. 2014 मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय टास्क फोर्स स्थापन झाला, तेव्हापासून चांगल्या शाळा सध्याच्या मुख्याध्यापकांशी थेट बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यांना आधी विश्वासात घ्या. आपला माणूस शोधाशोध करतोय हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं की रेफरन्स थंड येतो.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी होणाऱ्या त्याच तपासणीत तुम्ही जिथे जिथे राहून काम केलंत त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र मागितलं जातं. देश सोडल्यावर ते मिळवणं फार किचकट होऊन बसतं. कुठे बोटांचे ठसे दूतावासात द्यावे लागतात, कुठे जुनं ओळखपत्र मागतात. म्हणून कुठलीही शाळा सोडताना शेवटच्या महिन्यात पोलीस प्रमाणपत्र आणि शाळेच्या लेटरहेडवर तारखा, विषय, इयत्ता लिहिलेलं अनुभवाचं पत्र, सही-शिक्क्यासकट, हातात घ्या. शक्य असेल तर ते पत्र तिथूनच अटेस्ट करून आणा. पुढची शाळा ते मागणारच आहे.