जुन्या गाडीची दाराची हँडलं खोलताय? मग या चुका टाळा

आमच्याकडे बाबांनी घेतलेली ७८ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. जानेवारी २०२३ मध्ये इथे बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूटचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन झालं, तिथल्या गाड्यांचं क्रोम बघून घरी आलो आणि आपल्या गाडीची फोड आलेली हँडलं डोळ्यात सलायला लागली. मग काय, पुढच्याच रविवारी चारही काढली आणि एका प्लेटिंगवाल्याकडे टाकली, तो म्हणाला थई जशे भाई, होऊन जाईल. आठवड्याने गेलो तर दोन हँडलांची चाळणी झालेली! लोखंड समजून त्याने ती ॲसिडमध्ये बुडवून ठेवली होती. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं हातात घेऊन बघत बसले, ते मला अजून लागतं.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, धातू न ओळखता हँडल देऊन टाकणं. घरी चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर आतल्या न दिसणाऱ्या बाजूला कानस जराशी फिरवा, पिवळं निघालं तर पितळ, आणि राखाडी निघालं आणि वजनाला जड असेल तर बहुतेक जस्ताचं ओतीव, म्हणजे झमॅक, ज्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम असतं. त्या काळातल्या खूप गाड्यांची हँडलं याचीच आहेत. जस्ताला ॲसिडही खातं आणि कॉस्टिक सोडाही खातो, त्यामुळे लोखंडाची पद्धत इथे चालतच नाही. वरचे फोड म्हणजे नुसती घाण नाही, क्रोमच्या खाली जस्त सडून फुगलेलं असतं, फोड फुटला की पांढरी भुकटी निघते.

म्हणून घासून घासून गुळगुळीत करायला जाऊ नका. ओतीव जस्ताची वरची कातडीच तेवढी घट्ट असते, आत बारीक भोकं असतात, बफिंग जास्त झालं की ती उघडी पडतात आणि हँडलाच्या धारा पण गोल होतात. बरोबर काम असं, की जुनं क्रोम-निकेल उतरवायचं, खड्ड्यातली सड टोकरून साफ करायची, आधी सायनाइडवाल्या तांब्याचा पातळ थर, मग जाड तांबं, पॉलिश पेपर, गरज पडली तर परत तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम. क्रोमचा थर एका मायक्रॉनहून पण पातळ असतो, झाकायचं काम त्याच्याकडून होत नाही, खालचा खड्डा जसाच्या तसा दिसतो. प्लेटिंगवाल्याला सरळ विचारा, जस्तावर पहिलं काय चढवता? "डायरेक्ट निकेल" म्हणाला तर हँडल परत घेऊन या. पावडर कोटिंगचा विचार असेल तर भट्टीच्या गरमीने आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात, आणि क्रोम कलरचा स्प्रे रोज हात लागणाऱ्या जागी टिकत नाही.

आता खोलण्याचं. काच आधी पूर्ण वर चढवा, म्हणजे आत हात घालायला जागा होते. आतलं काच फिरवायचं हँडल ओढून किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढू नका, कुठे मागच्या वाटीला दाबलं की आडवी पिन दिसते, कुठे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते (तिच्यात फडक्याची पट्टी अडकवून डावी-उजवी ओढली की निघते, पण उडून हरवते, म्हणून वर हात ठेवा), तर कुठे साधा स्क्रू. बाहेरच्या हँडलाचे नट आतून असतात, जाम असतील तर आदल्या रात्री तेल सोडा, जोर लावलात तर जस्ताचे आटे निघून येतात. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. प्लेटिंगला देताना लॉकचं सिलिंडर, स्प्रिंग, रबरी पॅकिंग सगळं काढून घरी ठेवा, आणि नग मोजून, फोटो काढून द्या.

बसवताना जुनं कडक झालेलं पॅकिंग परत लावू नका, पावसाळ्यात पाणी तिथूनच दारात उतरतं आणि दार खालून सडतं. लोखंडी स्क्रूला थोडं ग्रीस लावा, नाहीतर जस्ताशी धरून बसतो. लॉकच्या भोकात ग्रीस नको, ग्रॅफाइट घाला.

आणि दार लगेच आपटून बंद करून बघायची घाई करू नका! दार उघडंच ठेवून लॅच, म्हणजे दार धरून ठेवणारा खटका, स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, मग हँडल ओढा. सुटला तरच दार लावा, नाहीतर ते बंदच अडकून बसतं. हँडल आणि लॅचमध्ये थोडी ढिलाई पण हवी, अगदी टेकून बसलं तर लॅच पूर्ण धरत नाही. डुक्कर फियाटवाल्यांनी (म्हणजे पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट ११००) तर हे दोनदा तपासा, तिचं पुढचं दार मागून बिजागरीला, चालत्या गाडीत सुटलं तर वारा ते सताड उघडतो.

आमची ती दोन हँडलं शेवटी जुन्या बाजारातून मिळाली, दुसऱ्याकडून नीट तांबं चढवून घेतली, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं बाबांनी स्वतः बसवलं.