लाकडाची शेगडी घेताना आकारात फसू नका: या चुका टाळा

आपल्याकडची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. दुपारी वावरात घाम येतो आणि पहाटे ओलिताला गेलं की बोटं वळत नाहीत. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. चिखलदरा तर साडेतीन हजार फुटांहून उंच, तिथलं विचारूच नका. म्हणून कोणी फार्महाउसवर, कोणी गावातल्या जुन्या घरात धुराड्याची बंद लोखंडी शेगडी बसवायचं ठरवतो. आणि ठरवताना पहिली चूक होते ती आकारात.

"मोठीच घ्या भाऊ, पुरून उरते," असं दुकानदार म्हणतो आणि आपल्यालाही ते पटतं. पण शेगडीचं तसं नसतं. मोठी शेगडी नीट पेटवली तर थोड्याच वेळात खोलीत बसवत नाही. मग आपण हवेची झडप आवळतो. आत लाकूड जळायचं सोडून धुमसत राहतं, तो ओला धूर वर थंड पाइपला चिकटतो आणि डांबरासारखा थर धरतो. हा थर कधीतरी पेट घेतो. तेव्हा पाइप लाल होतो, वर छपराला लाकडी बल्ल्या असतील तर पुढचं सांगायला नको. आपल्या शेगडीचं काय चाललंय ते बघायचं असेल तर ती पूर्ण थंड झाल्यावर पाइपचा खालचा सांधा उघडा आणि आत बोट फिरवा. भुरभुरीत काजळी हाताला लागली तर ठीक. काळे, चकचकीत पापुद्रे निघाले तर शेगडी गुदमरते आहे.

हिशेब घराचा नाही, खोलीचा करा. शेगडी ज्या खोलीत आहे तीच खोली खरी तापते. ओसरी आणि मागचं स्वयंपाकघर त्यात धरू नका. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि ५०० ने भागा, शेगडी किती किलोवॅटची, म्हणजे किती उष्णता देणारी हवी, ते साधारण निघतं. १२ बाय १४ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १,६८० घनफूट, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. हा आडाखा थंड देशांतला, बाहेर शून्याच्या आसपास आणि आत विसेक अंश असं धरून केलेला. आपल्याकडे बऱ्याच रात्री बाहेर आठ-दहा अंश असतात, त्यामुळे बंदिस्त स्लॅबच्या खोलीला याच्या निम्म्यातही भागतं. दुकानात आठ-दहा किलोवॅटची पुढे केली तर हात जोडा.

गावच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतली तर तिच्यावर किलोवॅट लिहिलेले नसतात. तिथे लाकडावरून अंदाज घ्या. एक किलोवॅटची शेगडी तासाला एक युनिट उष्णता देते. एक किलो सुक्या लाकडात सुमारे चार युनिट उष्णता असते, चांगली शेगडी त्यातली तीनेक युनिट खोलीला देते. म्हणजे वरच्या खोलीला तासाला सव्वा किलो फाटे फार झाले. एका वेळी पाच-सहा किलो मावेल असा पेटारा कशाला पाहिजे? मोठी घेऊन बसलाच असाल तर आत भट्टीच्या विटा लावून जागा कमी करा आणि झडप उघडी ठेवून लहान, खणखणीत जाळ करा.

टिनाच्या आणि कवेलूच्या घरांचं दुखणं वेगळं. भिंत आणि टिन यांच्यात हात जाईल एवढी फट असते, ऊब तिथून निघून जाते, आणि माणूस म्हणतो शेगडी लहान पडली. आधी ती फट बुजवा, दाराखाली गोधडीची गुंडाळी लावा, जमलं तर वर तट्ट्याची सिलिंग करा (पाइपपासून चांगली लांब, बांबूच आहे तो). एवढं करूनही कमी पडलं तरच मोठ्या शेगडीचा विचार. आणि कमी पडते म्हणून बंद खोलीत शेजारी निखाऱ्यांची गोरसी ठेवून झोपायचं नाही, म्हणजे नाहीच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

आता कापूस. थंडी ऐन भरात असते तेव्हाच भावाची वाट पाहत घरातल्या एका खोलीत कापसाचा ढीग पडलेला असतो. त्या खोलीत शेगडी नको, आणि शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार लावलेलं हवं. पायाला चिकटून आलेलं बोंड किंवा वाऱ्यानं उडालेला कापसाचा पुंजका एका ठिणगीला पुरतो. पेट घेणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून शेगडी तीन फूट आणि साधा पाइप दीड फूट लांब ठेवा.

पाइपही बघून घ्या. पत्र्याच्या दुकानात गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त मिळतो म्हणून लोक तोच लावतात. शेगडीजवळच्या तापात त्यावरचा जस्ताचा लेप जळतो आणि त्याचा धूर अंगाला बाधतो. काळ्या लोखंडाचा किंवा स्टीलचा घ्या. शेगडीचं तोंड सहा इंची असेल तर पाइपही वरपर्यंत सहा इंचीच.

जळणाबद्दल थोडक्यात: बाभूळ उत्तम, पण मार्च-एप्रिलमध्ये फोडून ठेवलेली. आपला उन्हाळा ती वाळवून देतो, पाऊस लागायच्या आत ती छपराखाली गेली पाहिजे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकन आवाज यावा. पऱ्हाटी-तुराटी पेटवायला छान, पण भसकन जळून जाते आणि लहान शेगडीला एकदम लाल करते. मूठभरच टाका, तीही मागच्या साली उपटलेली.

पेटवताना धूर खोलीत येत असेल तर आधी खिडकी किलकिली करा आणि पाइपच्या तोंडाशी कागद जाळून पाइप गरम करा. तरीही धूर येत असेल तर पाइप बुटका आहे: तो छपरातून तीन फूट वर हवा आणि दहा फुटांच्या आत आढं येत असेल तर त्याच्याही दोन फूट वर. एरवी चांगली ओढणारी शेगडी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच धूर फेकू लागली तर पाइप तुंबलाय. दिवाळीची साफसफाई निघाली की त्याच आठवड्यात ब्रश फिरवून घ्या, चिमण्यांनी वरच्या टोकाला घरटं केलं असेल तर तेही तेव्हाच दिसतं.