चढणारा भारी, बिले देणारा हलका: या चुका टाळा

चिखलदऱ्याजवळच्या एका कड्यावर शिबिरात पोरांना चढाई शिकवत होतो. टॉप रोपवर, म्हणजे वरून ओवून खाली आणलेल्या दोरावर, 84 किलोचा गडी, खाली बिले द्यायला, म्हणजे त्याचा दोर सांभाळायला, 52 किलोची मुलगी. त्याचा पाय सटकला आणि ती जमिनीवरून उचलली गेली. गुडघा खडकावर आपटला, पण ब्रेकचा हात (दोराची सुटी बाजू धरणारा) तिने सोडला नाही, म्हणून दोघंही धड घरी गेली. चूक तिची नव्हती. जोडी मी लावली होती.

वजनाचा हिशेब न करणं ही पहिली चूक. टॉप रोपमध्ये वरच्या कॅराबिनरवर (दोर ओवलेल्या कडीवर) दोर घासतो, त्यामुळे खाली साधारण दोन तृतीयांश भार येतो. 84 चे झाले 56, आणि मुलगी 52 ची. विहिरीच्या कप्पीवर भरलेली बादली हलक्या पोराला वर खेचते, तसंच हे. "मनगटात जोर आहे, धरेल ती" असं म्हणू नका. दोर बिलेचं साधन धरतं, पाय मात्र वजनामुळेच जमिनीवर राहतात.

ग्रीग्री हे बिलेचं साधन आहे म्हणून निर्धास्त राहणं ही दुसरी चूक. ग्रीग्री दोर अडवायला मदत करतं, माणसाला खाली धरून ठेवत नाही. लीडमध्ये, म्हणजे चढणारा खालून दोर नेत बोल्टांत (खडकात ठोकलेल्या खिळ्यांत) अडकवत जातो तेव्हा, हलका बिलेअर (बिले देणारा) वर ओढला जाऊन पहिल्या क्विकड्रॉवर (बोल्टला दोर अडकवायच्या जोडकडीवर) आदळला आणि साधन तिथे दाबलं गेलं, तर दोर सुटूही शकतो. एडेलरिड कंपनीचं ओम हे साधन यासाठीच आहे. ते पहिल्या बोल्टवर लावतात आणि चढणारा पडला की दोराचं घर्षण वाढवतं. मात्र पहिल्या बोल्टच्या आधी कोणी पडला तर त्याचा उपयोग नाही.

उभं कुठे राहायचं, याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. लीडला बिले देताना भिंतीपासून लांब उभे राहिलात तर झटका बसताच फरफटत खडकावर जाल. भिंतीलगत, पहिल्या बोल्टच्या किंचित बाजूला, एक पाय पुढे ठेवून उभे राहा. आपल्या कड्यांच्या पायथ्याशी मुरूम आणि सागाचा पाचोळा असतो, त्यावर पाय हमखास घसरतो. आधी जागा झाडून घ्या.

बिलेअरला झाडाला बांधायचं तर जिवंत, जाड खोड बघा आणि स्लिंग बुंध्याशी घाला. हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) मागच्या वळ्याला कधीच बांधू नका, ते सामान अडकवायला असतं, माणसाचा भार घ्यायला नाही. पुढच्या बिले लूपलाच जोडा. झाड, बिलेअर आणि दोर ओढला जाईल ती दिशा एका रेषेत हवी. लीडला या बांधणीत थोडी ढील ठेवा, टॉप रोपला ती ताठ चालेल. झाड नसेल तर वाळूचं पोतं बिले लूपला जोडता येतं.

उतरवताना घाई नको. उन्हाळ्यात हात घामाने ओले असतात, चामडी हातमोजे घाला. दोराच्या टोकाला गाठ असू द्या.

उलटी जोडीही तपासा. बिलेअर भारी आणि लीडवर हलकं पोरगं असेल तर दोर एकदम ताठ होतो, पोरगं भिंतीवर आदळतं आणि घोटा जातो. झटक्याच्या क्षणी बिलेअरने हलकी उडी घ्यावी. आधीच भरपूर ढील देऊन ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने पडण्याची उंचीच वाढते.

टॉप रोपवर दर नव्या जोडीला मी आता चढणाऱ्याला एक मीटरवर दोरावर लटकायला लावतो. खालच्याच्या टाचा उचलल्या तर पोतं बांधायचं किंवा बिलेअर बदलायचा, मगच पुढे चढू देतो.