पर्सनल ट्रेनर लावताय? आधी दुखतं कुठे ते सांगायला शिका

नऊ वर्षांत मी नागपुरात चार ट्रेनरकडे शिकले, आधी धरमपेठेत, मग मानेवाड्याला, आता त्रिमूर्ती नगरात. त्यामुळे ओळखीत कुणी ट्रेनर लावायचं म्हटलं की फोन मलाच येतो. अन् दरवेळी दिसतं की त्यांनी नेटवर वाचून ठेवलेलं असतं "पाणी भरपूर प्या, मोटिव्हेटेड राहा". त्याने काय होणार आहे? ट्रेनर लावल्यावर खरंच काय होतं अन् आपण काय करायचं ते क्रमाने सांगते.

पैसे भरायच्या आधी

एक ट्रायल सेशन मागा. तुमचा सेट (एकच व्यायाम न थांबता ठरावीक वेळा करणं) सुरू असताना तो मोबाईल बघत असेल तर तिथूनच परत या. सर्टिफिकेट कुठलं आहे ते विचारायला लाजू नका, एसीई किंवा एनएससीए या ट्रेनरना सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थांचं असलं तर शिक्षण तरी झालंय इतकं कळतं. सहा महिन्यांचं पॅकेज कितीही स्वस्त सांगितलं तरी पहिल्यांदा एकच महिना घ्या, आणि सुटलेलं सेशन भरून मिळेल का, ट्रेनर जिम सोडून गेला तर पैशांचं काय, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी चांगला ट्रेनर घाम काढत नाही, प्रश्न विचारतो. बीपी, शुगर, थायरॉईड, जुनं ऑपरेशन, सुरू असलेल्या गोळ्या, सगळं सांगा, काही लपवू नका. श्वास रोखून वजन उचललं की बीपी त्या क्षणी बराच वर जातो, आणि इन्शुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या सुरू असतील तर व्यायामात साखर खाली येऊ शकते, म्हणून हे त्याला माहीत पाहिजेच (आणि अशा लोकांनी डॉक्टरला विचारूनच सुरू करायचं, बॅगेत ग्लुकोज ठेवायचं). मग तो बिनवजनाचा स्क्वॅट (उठाबशीसारखा व्यायाम) करायला लावेल, हात डोक्यावर न्यायला सांगेल, एका पायावर उभं करेल. हे काहीच न करता सरळ बेंच प्रेसवर (बाकावर झोपून छातीवरून वजन वर ढकलायचा व्यायाम) झोपवलं तर समजा की त्याच्याकडे सगळ्यांसाठी एकच चार्ट आहे.

बायकांसाठी एक गोष्ट. पोश्चर नीट करायला हात लावायच्या आधी त्याने विचारलं पाहिजे. नाही विचारलं तर पहिल्याच वेळी सांगा, "सर, आधी तोंडी सांगा, मी करते." चांगल्या ट्रेनरला याचं काही वाईट वाटत नाही.

वेळ

सकाळची घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो अन् संध्याकाळी सात वाजताही जिमच्या भिंती तापलेल्या असतात.

दुखणं: इथेच सगळे फसतात

मीही फसले होते, म्हणून इथे जरा थांबून सांगते. माझ्या पहिल्या ट्रेनरकडे शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलायचा व्यायाम) करताना उजव्या खांद्यात पुढच्या बाजूने टोचायचं. मी सांगितलंच नाही. सर इतकी मेहनत घेऊन राहिले, आपण काहून रडायचं, असं वाटायचं, आणि बाजूला ते "बस, एक और, एक और" म्हणत असायचे त्यामुळे थांबायची हिंमतच व्हायची नाही. एक महिना तसंच दाबून केलं. मग एक दिवस केस विंचरायला हात वर जाईना. टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, सूज निघाली, तीन महिने सगळं बंद, अन् भरलेले पैसे गेले ते वेगळेच. ट्रेनर वजन जास्त देत होते हे खरं आहे, पण दुखतंय हे त्यांना कळणार कसं? तुमच्या खांद्याच्या आत काय होऊन राहिलं ते बाहेरून कुणालाच दिसत नाही.

तर फरक ओळखा. सेट करताना स्नायूत जळजळ होते आणि वजन खाली ठेवलं की मिनिटभरात जाते, ते ठीक आहे. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, जिना उतरताना जीव जातो, तेही ठीक आहे. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं, मग आपोआप उतरतं आणि बहुतेक दोन्हीकडे सारखंच असतं. पण जे एकाच बाजूला, सांध्यात, टोचतं, करंट मारतं, मुंग्या आणतं, त्याला व्यायामाचं दुखणं म्हणू नका. मी एक साधी खूण धरते: दुखणारी जागा दाखवायला अख्खा तळवा फिरवावा लागला तर बहुतेक स्नायू, एका बोटाने नेमकी दाखवता आली तर थांबायचं.

सांगताना "दुखतंय" इतकंच म्हणू नका, त्यावर उत्तर येतं "शुरू शुरू में होता है". कुठे, कसं आणि कधी, तिन्ही सांगा. "सर, उजव्या खांद्यात पुढून टोचतं, हात वर नेताना, खाली आणताना नाही." एवढं सांगितलं की चांगला ट्रेनर वजन कमी करतो, हाताचा कोन बदलतो नाहीतर तो व्यायामच बदलतो. दोनदा सांगूनही "कुछ नहीं होता, करो" ऐकू आलं तर ट्रेनर बदला, तिसऱ्यांदा सांगत बसू नका. आणि तो स्वतःच मान, कंबर मोडून द्यायला लागला तर हात जोडून नाही म्हणा, ते काम फिजिओचं आहे.

प्रत्येक सेटनंतर अजून एक गोष्ट सांगायची सवय लावा: अजून किती रेप (तोच व्यायाम एकदा पूर्ण केला की एक रेप) झाले असते? सुरुवातीला दोन-तीन शिल्लक राहिले पाहिजेत. शून्यावर संपवायची काहीच गरज नसते.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, यातलं काहीही झालं तर सेट पूर्ण करू नका, लगेच दवाखाना. व्यायामानंतर अंग भयंकर दुखतंय आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तरी त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण स्नायू फुटून त्याचा भार किडनीवर येतो.

खाणं

तर्री पोहे बंद करा असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, रविवारी खा. पण रोजच्या ताटात डाळ, अंडी, दही, पनीर, चिकन वाढवा. प्रोटीनचा डबा ट्रेनरकडूनच घ्यायची सक्ती असेल तर समजा त्याला त्यात कमिशन आहे. घ्यायचाच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा) लायसन्स नंबर बघून स्वतः दुकानातून घ्या, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

फरक कधी दिसतो

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ बसल्यामुळे. आरशात दिसायला ८ ते १२ आठवडे धरा. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी उतरवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तसं होत नाही.

आणि एक वही ठेवा, स्वतःची. तारीख, व्यायाम, वजन, रेप, कुठे टोचलं. ट्रेनर जिम बदलतात, मधेच निघून जातात, तेव्हा नवीन माणसासमोर ही वही ठेवली की पहिल्या दिवसाचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. माझ्या वहीत खांद्याचं पान आजही आहे आणि प्रत्येक नवीन ट्रेनरला मी आधी तेच दाखवते.