हॉरर शॉर्टफिल्मचं शॉट डिव्हिजन: प्रेक्षकाची नजर कुठं अडकवायची?

पुण्यातल्या फिल्मच्या मुलांना हॉरर करायला सांगितलं की पहिलं लोकेशन सुचतं ते शनिवारवाडा. ती वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, शूटिंगला रीतसर परवानगी लागते, हे मग कुणीतरी सांगतं आणि विषय मिटतो. मिटतो तेच बरं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक तिथं ऐकू येते म्हणतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हाक येणार हे माहीत असलेला प्रेक्षक आरामात टेकून बसतो, आणि आपल्याला तर तो नेमका बसायला नकोय.

आमची फिल्म सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात झाली. कॅमेरा माझ्याकडे होता. गोष्ट एवढीशी: आजी गेल्यावर वाडा बिल्डरकडे जायच्या आधी नात एकटीच सामान आवरायला येते. माजघराच्या कोपऱ्यात पोटमाळ्यावर जाणारा अरुंद लाकडी जिना, आणि वर पोटमाळ्याचं चौकोनी तोंड, फळीचं झाकण असलेलं. दिग्दर्शकाच्या पहिल्या शॉट लिस्टमध्ये, म्हणजे प्रसंग कोणकोणत्या शॉट्समध्ये तोडून घ्यायचा त्या यादीत, तिरके अँगल, हलता कॅमेरा, दारामागून डोकावणं, सगळं होतं. तिरक्या अँगलवर तर मी तिथल्या तिथं काट मारली. त्या वाड्यातली एकही तुळई सरळ नव्हती; कॅमेरा वाकडा धरला असता तर वाकडं नक्की काय आहे ते कुणालाच कळलं नसतं.

नवीन मुलांना मी एकच सांगतो. शॉट निवडायच्या आधी जागा निवडा. फ्रेममधली एक जागा अशी ठरवा की प्रेक्षकाला तिचा संशय यायला लागेल. मग प्रत्येक शॉटला विचारा: या शॉटमध्ये प्रेक्षकाला ती जागा दिसते, अर्धवट दिसते, की दिसतच नाही? आमच्या शॉट लिस्टमध्ये लेन्स आणि ॲक्शनच्या शेजारी आम्ही आणखी एक रकाना काढला, ‘प्रेक्षक कुठं बघतोय’. ज्या शॉटपुढे तो भरता आला नाही, तो उडवला. यादी जवळपास निम्मी झाली.

आमची जागा अर्थातच ते चौकोनी तोंड. पहिला शॉट वाइड, म्हणजे सगळी खोली दिसेल असा, ट्रायपॉडवर, एकदम स्थिर. नात खाली बसून पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळतेय. ती फ्रेमच्या उजवीकडे खाली, डावीकडे मागे जिना, वर काळं उघडं तोंड. तिचं तिकडे लक्ष नाही, कॅमेराही काही दाखवून देत नाही. दहाएक सेकंद प्रेक्षक भांडी बघतो. शॉट तरीही कट होत नाही म्हटल्यावर त्याची नजर आपोआप फ्रेमभर फिरते आणि वर जाऊन थांबते. हे त्याचं त्यानं शोधून काढलेलं असतं, म्हणून ते त्याला जास्त खुपतं. ‘द एक्सॉर्सिस्ट थ्री’ या १९९० च्या फिल्ममध्ये हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा एक लांबलचक स्थिर शॉट आहे. दचकवणारा क्षण अगदी शेवटी येतो, पण त्याआधी कॅमेरा जो हटत नाही, सगळी करामत त्यात आहे.

दुसरा शॉट मिड, म्हणजे साधारण कमरेपासून वर, ५० एमएमच्या लेन्सवर, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) मोठं उघडून, म्हणजे मागचं धूसर होतं. नात फोकसमध्ये, तिच्या खांद्यामागे ते तोंड धूसर काळा चौकोन होऊन राहतं. फोकस पुलरचा, म्हणजे लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याचा, हात इथं शिवशिवतो, मागे फोकस न्यावासा वाटतो. नेऊ देऊ नका. फोकस मागे गेला की तुम्ही प्रेक्षकाला ‘तिकडे बघ’ म्हणालात. तो तर केव्हापासून तिकडेच बघतोय.

मग क्लोज-अप. ‘ती घाबरली, लाव क्लोज-अप’ असा हिशोब बरेच जण करतात. मला क्लोज-अपचा खरा उपयोग वेगळा वाटतो: तो बाकीची खोली काढून घेतो. इतका वेळ प्रेक्षक पोटमाळ्यावर पहारा देत होता, आता त्याच्या हातात फक्त एक चेहरा उरला. वरून फळी घासल्याचा बारीकसा आवाज येतो, ती मान वर करते, आणि आम्ही चेहऱ्यावरच थांबतो. ती बघतेय, आपल्याला दिसत नाहीये. पण आधीचे दोन शॉट नसतील तर हाच क्लोज-अप नुसता अभिनय म्हणून उरतो.

चौथा शॉट म्हणजे पुन्हा पहिलीच फ्रेम. तीच लेन्स, तीच उंची. ट्रायपॉडच्या पायांखाली आम्ही फरशीवर चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या. फरक एकच: झाकण आता बंद. भूत नाही, हात नाही, पांढरी साडी नाही.

पोटमाळ्यावरून खाली बघणारा शॉटही यादीत होता. दिसायला झकास, पण असा शॉट घेतलात की ‘वर कुणीतरी आहे’ असं तुम्ही जाहीर केलंत, आणि पुढे तो कोण हे सांगणं आलं. आमच्या गोष्टीत त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून शॉट गेला. हँडहेल्डही (हातात धरलेला, हलता कॅमेरा) फक्त ती दिंडी दरवाजाकडे पळते तेवढ्यापुरतं ठेवलं. कॅमेरा हळूहळू पुढे सरकवायचा होता, पण शहाबादी फरशीच्या सांध्यांवर स्केटर डॉली (कॅमेऱ्याची छोट्या चाकांची गाडी) खडखडते. झूमनं काम भागेल असं समजू नका. झूममध्ये चेहरा नुसता मोठा होतो. कॅमेरा पुढे गेला की मागच्या भिंती चेहऱ्याच्या मानानं सरकतात, आणि अंगावर येतं ते तेच. फळ्या टाकून तेवढा एक शॉट घेतला.

आम्ही लाइट उतरवत होतो तेव्हा वाड्याचे मालक आजोबा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “काय हो, अंधाराचं शूटिंग ना? मग एवढे दिवे कशाला?” प्रश्न रास्त आहे. काळं तोंड काळं दिसायला त्याची चौकट दिसावी लागते. एक छोटा लाइट नुसता जिन्याच्या वरच्या पायरीवर आणि झाकणाच्या कडेवर मारला, आतलं तसंच सोडलं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, वाढवून अंधार ‘उजळवलात’ तर काळ्यात मुंग्यांसारखे ठिपके दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २४ फ्रेम्सवर शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवा. नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी पडद्यावर लपलपतात.

आवाजाचं थोडक्यात. गणपतीच्या आधीचे काही आठवडे पेठांत आणि नदीकाठी संध्याकाळी सिंक साउंडचं, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करण्याचं, नावच काढू नका. ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. एरवीही गल्लीतून दुचाक्या जातच राहतात. रिकाम्या खोलीचा मिनिटभर शांत आवाज प्रत्येक लोकेशनवर रेकॉर्ड करा. आणि शॉट संपल्यावर लगेच ‘कट’ म्हणू नका, अर्धा मिनिट चालू द्या. एडिटला बसल्यावर शॉट लांबवायला फुटेज लागतं, आणि ते नसलं की मग म्युझिकचा धडाम् आवाज टाकून वेळ मारून नेली जाते.

पहिला कट तयार झाला की आवाज बंद करून गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. स्क्रीनकडे तुम्ही बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. वाइड शॉटमध्ये त्याची नजर वर कधी जाते ती वेळ लिहून घ्या. कट त्यानंतर दोनेक सेकंदांनी. नजर गेलीच नाही तर शॉट लांबवा, तरीही गेली नाही तर झाकणाच्या कडेवरचा लाइट कमी पडलाय, तेवढा शॉट परत घ्यावा लागेल. वाड्याची किल्ली परत करायची घाई म्हणूनच करू नका.