महिनाभरासाठी जुन्या शहरात फ्लॅट घेताय? या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात आईच्या ऑपरेशनसाठी आम्ही परभणीहून संभाजीनगरला आलो आणि औरंगपुऱ्यात महिन्याच्या बोलीवर फ्लॅट घेतला. घाटी दवाखाना जवळ, भाजीमंडई पावलावर, रिक्षाची कटकट नाही. फोटो बघूनच टोकन पाठवलं. चूक तिथंच झाली, पण कळली तिसऱ्या दिवशी, टाकी कोरडी पडली तेव्हा.

या शहरात भाड्याच्या आधी पाणी विचारायचं असतं. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण धरण तुडुंब असलं तरी नळ रोज येईल असं नाही. "पाणी आहे का?" म्हटलं की घरमालक "भरपूर" म्हणणारच. म्हणून असं विचारा: नळ किती दिवसांनी येतो? हौदातून पाणी वर चढवायची मोटर कुणाच्या ताब्यात आहे? बोअरला मे महिन्यात पाणी असतं का? टँकर मागवावा लागला तर पैसे कुणाचे? हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. दोन टँकर आमच्याच खिशातून गेले. हीच उत्तरं शेजारच्या मावशींकडूनही घ्या. मालकाचं आणि मावशींचं जुळलं, तरच टोकन द्या.

दुसरी गोष्ट वरच्या मजल्याची. हवा येते, उजेड येतो, भाडंही कमी. पण मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री झोपू देत नाही. "कूलर आहे की!" असं सांगतात; पण कूलरला पाणी लागतं, म्हणजे गाडी पुन्हा तिथंच. घर दुपारी चारला बघा. सकाळी नवाला सगळीच घरं गार असतात.

"दवाखाना दहा मिनिटांवर" हे अंतर नकाशातलं. संध्याकाळी गुलमंडीवरून जाताना फुटपाथ दुकानांनी आणि दुचाकींनी भरलेला असतो, पेशंटला धरून चालायचं तर वेळ दुप्पट धरा. ज्या वेळी तुमची ये-जा असेल, त्याच वेळी एकदा चालून बघा. जिने मोजायलाही विसरू नका, आम्ही विसरलो. गणपतीत येणार असाल तर अनंत चतुर्दशीला संस्थान गणपतीपासून निघणारी मिरवणूक लक्षात ठेवा, त्या दिवशी गुलमंडीत गाडी शिरत नाही. तशीही चारचाकी असेल तर बोळात न शिरता समर्थनगरकडे घर शोधलेलं बरं.

करार तोंडी नको. "एका महिन्याला कशाला?" असं मालक म्हणतात, पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची.

राहता राहिला मीटर. पहिल्याच दिवशी रीडिंगचा फोटो काढा, हे सगळेच सांगतात. त्याबरोबर घरातली सगळी बटणं बंद करून मीटर बघा. तरीही तो चालू असेल तर दुसरं कुणीतरी तुमच्या विजेवर आहे. आमच्या मीटरवर जिन्यातला दिवा आणि अख्ख्या बिल्डिंगची मोटर निघाली. हिशोबाच्या दिवशी हे दाखवलं, तर मालक शांतपणे म्हणाले, "मग? पाणी तुम्हीही वापरलंच की!"