सोलापुरातून व्याख्यानाला निघताना

पहिलं पुस्तक आलं की अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, सांगोल्याकडून वाचनालयांची आणि शाळांची बोलावणी येऊ लागतात. नवा लेखक आठ दिवस भाषण घोटतो. डिकी मात्र निघायच्या घाईत कशीबशी भरली जाते. खोळंबा बहुतेक तिथूनच सुरू होतो.

डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची आकाराचं दोनशे पानांचं पुस्तक साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅमचं. चाळीस प्रती म्हणजे दहा-बारा किलो. वजन गाडीला जाणवत नाही, पण बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते. पंक्चर झालं की आधी सगळी खोकी धुळीत उतरवावी लागतात. म्हणून चाळीस प्रतींचं एकच खोकं भरू नका. वीस-वीसची दोन करा आणि खाली जुनी सोलापुरी चादर अंथरा. वेळ आलीच तर तीच चादर रस्त्याकडेला पसरून त्यावर खोकी ठेवता येतात.

प्रती आडव्या रचा, एकीचा कणा डावीकडे, पुढचीचा उजवीकडे. कण्याची बाजू किंचित जाड असते. सगळे कणे एकाच बाजूला आले की गठ्ठा कलतो आणि कव्हरं दुमडतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून बराच वर. चिकटबांधणीचा डिंक उष्णतेनं मऊ पडतो, पानं कण्यातून सुटू लागतात. तेव्हा जेवायला थांबलात तरी गाडी सावलीतच लावा.

आडरस्त्यांवर बाभळीचा काटा ठरलेला. टायर ट्यूबलेस असेल तर काटा उपटू नका. तो आत असेपर्यंत हवा हळू जाते. जवळच्या पंपावर हवा भरून पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचता येतं. चाक बदलावंच लागलं, तर ते जमिनीवर टेकलेलं असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक लावा. आधी जॅक लावलात तर पाना फिरवताना चाकच फिरतं. आणि स्टेपनीतली हवा निघायच्या आदल्या दिवशी तपासा. चार चाकांत हवा भरून घेणारी माणसंही पाचवं हमखास विसरतात.

अंतरं मोठी नाहीत: अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, पंढरपूर आणि बार्शी सत्तरच्या आसपास. फसवतो तो हंगाम. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा 14 ते 28 जानेवारी, भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारी. दोन्ही ऊसतोडीच्या ऐन दिवसांत येतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास सहज जातो. त्यातच संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, म्हणजे शहरातून बाहेर पडायलाच वेळ. आषाढी-कार्तिकीच्या आसपास पंढरपूरच्या वाटेवरचा कार्यक्रम शक्यतो घेऊच नका, वाहतूक वळवलेली असते. रात्री परतताना जास्त जपा: कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि बाहेर आलेला ऊस अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. कार्यक्रम नऊनंतर संपणार असेल तर मुक्कामाचं आधीच विचारून ठेवा. त्यात संकोच कसला?

वडगाव, पिंपरी अशा नावांची गावं एकाहून जास्त असतात. कार्यवाहांना फोन करून तालुका विचारा आणि ठिकाणाचं लोकेशन मागवून घ्या.

सभागृहात अर्धा तास आधी पोचा. स्लाइड दाखवणार असाल तर पीडीएफच न्या. दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. प्रास्ताविक आणि सत्कार लांबतातच, त्यामुळे भाषण चाळीस, पंचवीस आणि बारा मिनिटांचं असं तीन मापांत तयार हवं. शाळेत घंटा कुणासाठी थांबत नाही.

विक्रीच्या टेबलावर क्यूआर कोड छापलेला असू द्या आणि सुट्टे पैसेही, कारण तळघरातल्या सभागृहात रेंज जाते. वाचनालय पुस्तकं घेणार असेल तर ग्रंथपालांना वाचनालयाच्या नावानं बिल लागतं: पुस्तकाचं नाव, प्रती, छापील किंमत, सवलत आणि सही. कोऱ्या कागदावरची पावती हिशेबाला चालत नाही.

नेलेल्या, विकलेल्या आणि भेट दिलेल्या प्रतींचे आकडे गाडी सुरू करण्याआधीच वहीत लिहा. शाल-श्रीफळाच्या गडबडीत पाहुण्यांच्या हाती दिलेल्या दोन-तीन प्रती दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, आणि प्रकाशकाकडून उधारीवर आणलेल्या गठ्ठ्याचा मेळ तिथेच चुकतो.